बोटीच्या सहलीला कारसीट न्यायची का? जळगाव ते गोवा आणि परत

मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग झालं आणि घरात एकच विषय सुरू झाला: ओवीची कारसीट, म्हणजे गाडीत लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट, न्यायची की घरी ठेवायची? ओवी पावणेदोन वर्षांची, वजन अकरा किलो. सीट साडेसहा किलोची, घडी न होणारी. आमच्या आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. बोटीवर गाडी नसते, मग गाडीची सीट तिथे काय करणार?

मुद्दा बरोबर आहे, फक्त सहल बोटीवर सुरू होत नाही. ती जळगावला आमच्या दारात सुरू होते, आणि तिथून मुंबईच्या धक्क्यापर्यंत चारशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता आहे. रेल्वेने जायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. रात्री जळगावला बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पियरचा धक्का अगदी जवळ. वाटेत कुठे थांबायचं नसेल तर लहान मूल असलेल्या कुणालाही मी रेल्वेच सुचवेन. पण धुळ्याला माझी आजी आहे, आम्ही सगळे तिला माय म्हणतो. तिला पणती बघायची होती आणि तिच्याच्याने आता प्रवास होत नाही. त्यामुळे गाडी ठरली, आणि गाडी ठरली की सीट ठरली. प्रश्न उरला तो मुंबईच्या पुढचा.

गुरुवार: जळगाव ते धुळे

सकाळी माझ्या नवऱ्याने, निखिलने, सीट बसवली, मागे, डाव्या बाजूला. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, म्हणजे मूल रहदारीच्या अंगाला न उतरवता कडेच्या अंगाला उतरवता येतं. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, मागे तोंड करणारी सीट कधीही लावायची नाही. बसवताना निखिल सीटवर गुडघा रोवतो, पट्टा सगळा ओढून घेतो आणि सीटच्या कडेच्या चिमट्यात अडकवतो. मग मी पट्टा जातो तिथे सीट धरून हलवून बघते. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

ओवी अजून मागे तोंड करूनच बसते. आमच्या सीटला तशी १३ किलोंपर्यंत परवानगी आहे आणि ती भरेपर्यंत मी तिला फिरवणार नाही. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. गाडी समोरून आदळली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट बसलेल्या मुलाची पाठ, मान आणि डोकं एकत्रच सीटच्या कवचात दाबलं जातं. "तिचे पाय आखडतात" असं येणारे-जाणारे म्हणतात. ओवी मांडी घालून बसते आणि मागच्या काचेतून ट्रक मोजते, म्हणजे "एक, दोन, खूप" असं मोजते.

निघताना आबा म्हणाले, "निखिलला मी मांडीवर घेऊन राजदूतवर शेगावला नेलाय. काही झालं का?" आबांचा जीव नातीत आहे, हे मला ठाऊक आहे. मी ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून त्यांना गणितच मांडून दाखवलं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. त्या वेगात गाडी कशावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर अकरा किलोचं मूल जागेवर धरून ठेवायला दोनशे किलोंहून जास्त वजन पेलण्याइतकं बळ लागतं. म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या एका झटक्यात छातीशी धरायच्या. कितीही माया असली तरी ते कुणाच्या हातांना जमणारं नाही. आबा थोडा वेळ गप्प राहिले, मग स्वतःच पट्टा ओढून बघायला वाकले.

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, विद्यापीठ मागे पडलं, पाळधी गेलं. डिसेंबर म्हणजे कापसाचे दिवस. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला कापूस घेऊन ट्रॅक्टर जिनिंगकडे निघालेले असतात आणि पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो. मध्येच विरुद्ध दिशेने मोटारसायकल येते. हा आमचा रोजचा रस्ता आहे, म्हणून सवयीचा वाटतो. मला काळजी त्या सवयीचीच वाटते. एरंडोलला ओवीला उतरवून अर्धा तास पळू दिलं, कारण दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ तिला सीटमध्ये सलग ठेवत नाही. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला जायचं मनात होतं, पण माय जेवायची थांबली होती. पारोळ्याचा भुईकोट किल्लाही गाडीतूनच दाखवला.

धुळ्याला माय ओट्यावरच बसली होती. आधी पणतीचा मुका घेतला, मग गाडीत डोकावून सीटकडे बोट केलं. "हाई खुर्ची दर्यामा कसाले?" तिलाही तोच प्रश्न. जेवायला वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. ओवीने बट्टी कुस्करून निम्मी मांजराला घातली.

शुक्रवार: धुळे ते मुलुंड

धुळ्याची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना सांगायला नको. पहाटे निघायचं म्हणून मायने ओवीला दोन स्वेटर, त्यावर जाड जाकीट आणि कानटोपी असं बांधून तयार ठेवलं होतं. मी गाडीपाशी जाकीट आणि एक स्वेटर उतरवू लागले तशी माय कळवळली, "इतली थंडीमा पोरनं सोटर काढस का वं?"

तिला दाखवण्यासाठी मी आधी जाकीट अंगात ठेवूनच पट्टे आवळले. वरून अगदी घट्ट दिसत होते. मग पट्टे त्याच मापावर ठेवून ओवीला बाहेर काढलं, जाकीट उतरवलं आणि पुन्हा बसवलं. खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ गेली. जाड कपड्यातली हवा आदळताना क्षणात दबते आणि मूल तेवढं सैल होतं. म्हणून अंगात पातळ कपडे ठेवायचे, पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरता येणार नाही इतका आवळायचा आणि पांघरूण त्याच्यावरून घालायचं. मायने आतून तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आणली आणि पट्ट्यांवरून ओवीच्या गळ्यापर्यंत खोचली. "आते बरं शे," म्हणाली. उन्हाळ्यात आमच्याकडे याच्या उलट असतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की सीटचं बकल चटका देतं, तेव्हा गाडी उभी करताना सीटवर ओलं पांढरं उपरणं टाकून ठेवते.

लळिंगचा किल्ला उजाडता उजाडता मागे पडला. मालेगाव, नाशिक, आणि इगतपुरीपासून समृद्धी. जून २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटातली ट्रकांची रांग टळते. पण रस्ता सुधारला की वेगही वाढतो, म्हणून सीटची गरज तिथे उलट जास्त. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये सुरक्षित बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीने नव्हे, पण निदान कायद्याला तरी हे महत्त्वाचं वाटलं, याचा मला आधार वाटतो.

मुलुंडला दिरांकडे मुक्काम. रात्री जेवणं झाल्यावर खरा निर्णय तिथे झाला. अमोलभाऊजी आम्हाला सकाळी आमच्याच गाडीने धक्क्यावर सोडणार आणि गाडी परत नेणार होते. "वहिनी, सीट गाडीतच राहू द्या. मंगळवारी घ्यायला येईन तेव्हा ती लावलेलीच असेल." सोय उत्तम होती. जाऊबाईंनी वेगळा मुद्दा काढला: "बोटीवर बाबागाडी लागेल, आणि दोन्ही कसं वाहणार?"

मी वहीत एवढंच लिहिलं, की बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत ओवी गाडीत किती वेळ असणार? बोटीवर अजिबात नाही. गोव्यात मात्र दिवसभराचा थांबा होता आणि निखिलला ओल्ड गोव्याची चर्चं बघायची होती. मार्मागोवा बंदरातून ते जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, तेही अनोळखी टॅक्सीत. कंपनीची सहल मोठ्या बसने होती. फोन करून विचारलं तर त्या बसला प्रवाशांसाठी पट्टे नव्हते, म्हणजे सीट नेली तरी तिथे लागणार नव्हती. गोव्यात भाड्याने सीट मिळवायचा विचार मी आधीच बाजूला ठेवला होता. एकदा अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नसते, आणि भाड्याच्या सीटचा पूर्वेतिहास आपल्याला कळत नाही.

म्हणजे पर्याय दोनच राहिले. गोव्यात उतरून पायी जाता येईल तेवढंच बघायचं आणि सीट मुलुंडला ठेवायची. नाहीतर सीट बरोबर घ्यायची आणि बाबागाडी ठेवायची. पहिला पर्यायही अगदी चांगला आहे. बंदरालगत पायी फिरण्याजोगं गाव असेल तर मी तोच निवडला असता. मार्मागोवा तसं नाही. आम्ही सीट घेतली, पण त्याला एक अट घातली: टॅक्सीच्या मागच्या सीटला चालू पट्टा नसेल तर बसायचं नाही, बोटीवर परत यायचं. ही अट आदल्या रात्री घातलेली बरी. उन्हात, पोर कुरकुरत असताना आणि टॅक्सीवाला "चला ताई" म्हणत असताना माणूस तडजोड करतो.

शनिवार: बॅलार्ड पियर

धक्क्यावर मोठं सामान हमालांकडे जातं आणि थेट खोलीत पोचतं. सीट मात्र आम्ही हातात ठेवली. निखिलने तिला खांद्याचे पट्टे शिवलेल्या कापडी पिशवीत घालून पाठीवर घेतली आणि ओवी माझ्या कडेवर. ओवीचा जन्मदाखला आणि आधार वेगळ्या पाकिटात ठेवले होते, ते दोनदा काढावे लागले.

खोली लहान. पलंगाखाली बॅगा जातात, सीट जात नाही. ती कपाटाच्या खालच्या भागात, बूट ठेवायच्या जागी उभी बसली. ओवी चढता चढताच झोपली तेव्हा निखिल म्हणाला, सीटमध्येच झोपवूया का? मी नको म्हटलं. गाडीत त्या सीटचा कोन ठरलेला असतो. बाहेर पलंगावर किंवा जमिनीवर ठेवली की तो बदलतो, आणि झोपलेल्या लहान मुलाची हनुवटी छातीवर टेकून श्वासाची वाट दबू शकते. पाळणा आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवला होता, तो आला.

सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीला बोलावलं. तिथे मी ओवीच्या मापाचं लाइफजॅकेट मागितलं. त्याच्यावर छापलेलं होतं: १५ किलोंपेक्षा कमी वजन, १०० सेंटिमीटरपेक्षा कमी उंची. त्यापुढचं मुलांचं जॅकेट १५ ते ४३ किलोंसाठी. टायटॅनिकनंतर १९१४ साली झालेला सोलास हा आंतरराष्ट्रीय करार, वेळोवेळी सुधारलेला, आजही बोटींना लागू आहे. २४ तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासात बोटीवरच्या प्रत्येक तान्ह्या मुलासाठी वेगळं जॅकेट असायलाच हवं असं तो सांगतो. ते ओवीला घालून पाहिलं, पायांमधून जाणारा पट्टा लावला आणि ते खोलीतच ठेवून घेतलं.

आजूबाजूच्या आया-आज्या आपापल्या मुलांना जॅकेट घालून बघत होत्या. "आमच्या वेळी कुठे होतं हे" असं एकही जण म्हणालं नाही. "मी धरते ना त्याला" असंही नाही. समुद्र अनोळखी आहे म्हणून आपण तिथे वजन-उंची बघून मुलाला बांधतो. रस्ता ओळखीचा आहे म्हणून मांडीवर घेतो. वजन-उंचीचं तेच गणित मुलांच्या सीटवरही छापलेलं असतं. आबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे खरं आहे पोरी."

रविवार: गोवा

बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्स्यांची रांग होती. पहिल्या गाडीच्या मागच्या सीटवर जाड पांढरं कव्हर चढवलेलं. पट्ट्यांची जीभ वरून लोंबत होती, पण बकलं कव्हरखाली कुठेतरी गाडली गेलेली. निखिलने हात घालून शोधलं, ड्रायव्हरनेही शोधलं, मिळालं एकच आणि तेही मधलं. तिथला पट्टा फक्त कमरेचा. तो भला माणूस होता, म्हणाला, "मागच्यांना पोलीस विचारत नाहीत हो." आम्ही नमस्कार करून पुढे गेलो.

त्याच्या मागच्या गाडीचं कव्हर साधं होतं आणि बकल वर होतं. पण मागे तोंड करून सीट बसवायला पट्टा लांब लागतो, कारण तो सीटच्या कवचाला वळसा घालून येतो. गाडीगणिक पट्ट्याची लांबी वेगळी असते. निखिलने पट्टा पूर्ण बाहेर ओढला, वळसा घातला, आणि बकलचा खटका वाजला तेव्हा दोन बोटांएवढाच पट्टा उरला होता. मी सीट धरून हलवली. हलली नाही. ड्रायव्हर, चाळिशीचे गृहस्थ, सगळं शांतपणे बघत होते. त्यांनाही तीन वर्षांचा नातू आहे म्हणाले आणि सीटची किंमत विचारली.

या सगळ्यात वेळ गेला, म्हणून ओल्ड गोवा सोडून जवळच बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं हवाई संग्रहालय गाठलं. लहान मुलांसाठी मला तेच जास्त आवडलं. अंगणात खरी विमानं उभी आहेत, जवळ जाऊन बघता येतात. सी हॅरियर आहे, प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन आहे. ओवी त्याच्या चाकापाशी उभी राहून वर बघत राहिली, नंतर पंखाच्या सावलीत बसून खडे वेचू लागली. चर्चं पुढच्या वेळी.

सोमवार: समुद्रावर

दिवसभर पाणी. डायपरवाल्या मुलांना बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. ओवी डेकवर चालायला शिकल्यासारखी झोकांड्या खात फिरली. सीट कपाटात.

मंगळवार: मुंबई ते धुळे

अमोलभाऊजी गाडी घेऊन आले आणि पंधरा मिनिटांत सीट लागली. चांदवडच्या पुढे शेवभाजी खाल्ली, झोडग्याला अंधार पडला. माय जागीच होती. तिला विमानांचे फोटो दाखवले, पण तिने ऐकून घेतली ती टॅक्सीच्या पट्ट्याची गोष्ट, दोनदा.

बुधवार: आसोदा

दुपारी जळगावला पोचलो आणि संध्याकाळी आसोद्याला चुलत दिराच्या, किशोरच्या, शेतात भरीत. बहिणाबाई चौधरींचं हे माहेरगाव, आणि इथल्या वांग्यांचं नाव सगळ्या जिल्ह्यात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचली, वर कांद्याची पात, बरोबर कळण्याच्या पुऱ्या.

किशोरचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि त्यांचा शिर्डीला जायचा बेत चालला होता. आबांनीच विषय काढला. "आधी पोराच्या सीटचं बघ, मग शिर्डी." आमची सीट त्याच्या गाडीत लावून पाहिली तर मागे तोंड करून बसवताना पट्टा वीतभर कमी पडला. मग टॉर्च घेऊन निखिलने त्याच्या मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली. पाठ आणि बैठक मिळतात तिथे, आत, लोखंडी कड्या लागल्या. आयसोफिक्सच्या कड्या. त्या असल्या की गाडीचा पट्टा आखूड असला तरी सीट थेट कड्यांना अडकते, फक्त ती त्या पद्धतीची असायला हवी आणि आपल्या गाडीला चालते का ते आधी पाहायला हवं. किशोरने गाडी घेतल्याला चार वर्षं झाली, त्याला त्या कड्या आहेत हे माहीत नव्हतं.

त्याने बाळाचं वजन आणि उंची मोबाइलमध्ये लिहून ठेवली. शिर्डीची तारीख सीट आल्यावर ठरणार आहे.